चूल विकत घेऊ नये

गेल्या डिसेंबरात अकोल्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, तंबूसाठी लाकडाची चूल मागवली. चारशे ग्रॅम फक्त! एकात एक बसते, आणि धूर होत नाही." किंमत विचारली. साडेतीन हजार. मी गप्प बसलो. मी गप्प बसलो की पुढे काय होतं ते नातेवाईक वाचकांना ठाऊक आहेच.

माझ्याकडे माझी चूल होती. रंगाच्या डब्यात दुधाच्या पावडरीचा डबा, अमरावतीत एका टिनवाल्याकडून कातरून घेतलेला. भोकं पाडताना तो म्हणाला होता, "भाऊ, डब्याले इतके भोकं कायले पाह्यजे? पानी भरनार कसं?" वजन साडेचारशे ग्रॅम. (आधीचे दोन डबे फसले होते, तो खर्च धरला तर फुकट वगैरे काही नाही. शिवाय तीन रविवार गेले. "स्वस्तात पडते" असं म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, मी म्हटलं तरी.)

मुक्काम अकोटजवळ शेतात केला. भाच्याला नरनाळ्यावर तंबू ठोकायचा होता, पण तो किल्ला अभयारण्यात येतो, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग. तिथे विस्तव पेटवायचा विचारही करू नये. सागाचा वाळका पाला काय पेट घेतो ते उन्हाळ्यात तिकडचे डोंगर जळताना ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको.

शेतात मात्र तुराटी, पऱ्हाटी हवी तेवढी. भाच्याच्या चुलीला तीन बारीक पाय होते. काळ्या मातीला भेगा पडलेल्या. एक पाय भेगेत गेला आणि चहा जमिनीला पाजला गेला. पण हे किरकोळ आहे, त्यावरून मी लेख लिहिला नसता.

दोन्ही चुलींचं तत्त्व एकच. आतल्या डब्यात काड्या भरायच्या आणि वरून पेटवायच्या. खालच्या भोकांतून थोडी हवा येते, तेवढ्यावर लाकूड तापून धूर सुटतो. दोन डब्यांच्या मधल्या पोकळीतून चढणारी हवा तापते, वरच्या भोकांतून आत शिरते आणि तो धूरच जाळून टाकते. म्हणून धूर दिसत नाही. ज्वाला संपल्या की तळाशी कोळसा उरतो. तो लाल होऊन बराच वेळ जळतो, आणि धूर नाही, वास नाही, पण कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो.

पहिला डबा फसला तेव्हा मी दोन तास त्यात डोकावत बसलो होतो, म्हणून मला हे माहीत. भाच्याला माहीत नव्हतं. त्याला खोक्यावरचे "धूर नाही" एवढेच शब्द माहीत. रात्री थंडी वाजली तेव्हा त्याने ती लाल झालेली चूल उचलून तंबूत नेली आणि चेन लावली. लघवीला उठलो नसतो तर मला कळलंही नसतं. चेन उघडली तेव्हा तो म्हणाला, "डोकं जड झालंय, झोपू दे ना मामा." हाताला धरून ओढून बाहेर काढला. सोबतच्या कागदावर तंबूत नेऊ नये असं छापलं होतं म्हणे, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात.

यावर बहिणीचं म्हणणं, "मग कागद वाचायचा, डबे कशाला कापायचे?" बरोबर आहे. पण कागद कोण वाचतं?

आणि हे चुलींच्या बाबतीत नवीन नाही. १९८३च्या सुमारास देशभर सुधारित चुलींचा कार्यक्रम सुरू झाला, २००२ पर्यंत चालला. तीन कोटींच्या वर चुली बसवल्या गेल्या आणि त्यातल्या पुष्कळ काही वर्षांत पडून राहिल्या. आमच्या घरीही एक निर्धूर चूल आली होती. गवंडी बसवून गेला. धुराडं काजळीने तुंबलं, ते काढून साफ कसं करायचं ते आईला कोणी दाखवलं नव्हतं. वर्षभर खोकून शेवटी तिने ती कुदळीने फोडली आणि मातीची आपली चूल पुन्हा घातली. त्या चुलीचाही धूर होता, पण तो कुठून येतो आणि दार कोणतं उघडायचं हे तिला कळत होतं. तिच्यापुढे मी हौसेने डब्यात काड्या जाळतो याची लाज वाटते कधी कधी. गॅस आला त्या दिवशी तिने परत चुलीकडे पाहिलं नाही.

वजनाचं कौतुक मला सांगू नका. गाडगेबाबा इथलेच, अंजनगाव तालुक्यातले. एकाच गाडग्यात जेवायचे आणि तेच डोक्यावर घालायचे. त्यांच्यापुढे चारशे ग्रॅमची काय मिजास!

असो. भाचा येत्या रविवारी डबा घेऊन येतोय. रंगाचा असेल तर आधी उघड्यावर रिकामा जाळून घे, असं सांगितलंय. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा आणू नकोस हेही. टिनवाल्याला फोन केला तर म्हणाला, "अजून एक? घरात किती झनं चहा पेतात हो तुमच्या?"