ह्यूस्टनचा पूर : दोष कोणाचा?

ह्यूस्टन हे नाव आपण ऐकतो ते अवकाशयानांच्या संदर्भात. १९६९ साली नील आर्मस्ट्राँग यांचे यान चंद्रावर उतरले, तेव्हा तेथून आलेला संदेश याच शहराच्या नावे होता. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील या शहरात व त्याच्या परिसरात ऑगस्ट २०१७ मध्ये लाखाहून अधिक घरांत पाणी शिरले. का शिरले? वर्गात मी हा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेले असते, ‘सर, चक्रीवादळ आले. नैसर्गिक आपत्ती.’ हे उत्तर चूक नाही, पण ते अर्धेच आहे. आणि अर्ध्या उत्तराला पूर्ण गुण देण्याची आपली सवय मला घातक वाटते.

आकाशाचा वाटा प्रथम पाहू. मेक्सिकोच्या आखाताचे उबदार पाणी ह्यूस्टनच्या हवेला बारा महिने बाष्प पुरवते. म्हणून तेथे आपल्यासारखा चार महिन्यांचा पावसाळा नाही. वर्षभर मिळून सुमारे १,३०० मि.मी. पाऊस पडतो. २०१७ साली ‘हार्वी’ हे वादळ किनारा ओलांडून आले आणि त्याला पुढे ढकलणारे वारे क्षीण असल्यामुळे तेथेच रेंगाळले. ह्यूस्टनच्या परिसरात काही ठिकाणी चार-पाच दिवसांतच १,००० मि.मी.हून अधिक पाऊस कोसळला. तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणजे तापत्या जगात आकाशाचा हा वाटाही सर्वस्वी ‘नैसर्गिक’ राहिलेला नाही.

आता जमिनीकडे वळू. ह्यूस्टन समुद्रसपाटीपासून अवघे १५ मीटर उंच, आणि आखात तेथून सुमारे ८० किलोमीटर दूर. भागाकार करून पाहा : किलोमीटरमागे सरासरी उतार १९ सेंटिमीटर! पाण्याला वाहण्यासाठी उतार लागतो. तो नसल्याने तेथील ओढे संथ असतात. त्यांना ‘बायू’ म्हणतात. जमिनीतली चिकणमाती पाणी सावकाश मुरवते. त्यावर मैलोगणिक रस्ते आणि वाहनतळ पसरले, तेव्हा मुरण्याचा उरलासुरला मार्गही बंद झाला.

परंतु सर्वांत बोधप्रद गोष्ट निराळीच आहे. शहराखाली वाळूचे आणि चिकणमातीचे थर एकाआड एक आहेत. वरच्या जमिनीचे ओझे केवळ मातीचे कण पेलत नाहीत. कणांमधल्या पाण्याचा दाबही त्याचा काही भाग पेलतो. कारखान्यांनी व नगरांनी विहिरींतून बेसुमार पाणी उपसले, तेव्हा तो दाब उतरला, सगळे ओझे कणांवर आले आणि चिकणमातीचे थर दबले. विसाव्या शतकात या परिसराचा काही भाग तीन मीटरपर्यंत खचला! जवळच्या बेटाउन गावातील खाडीकाठची एक वसाहत इतकी खाली गेली की १९८३ च्या ‘अलिशिया’ वादळानंतर ती कायमची सोडून द्यावी लागली. दबलेली चिकणमाती पुन्हा पाणी भरले तरी फारशी फुगत नाही. १९७५ साली उपशावर नियंत्रण ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा स्थापन झाली, नदी-तलावांचे पाणी वापरात आले आणि खाडीकडच्या भागातले खचणे बरेचसे थांबले. माणसाने केलेली चूक माणसाला थांबवता येते, याचा हा पुरावा आहे. मात्र जे खचले ते वर आले नाही.

दुसरा दाखला धरणांचा. १९२९ आणि १९३५ च्या पुरांनंतर शहराच्या पश्चिमेस ॲडिक्स आणि बार्कर ही दोन धरणे बांधण्यात आली. त्यांचे जलाशय एरवी कोरडे असतात, पुराच्या वेळीच भरतात. पुढे या कोरड्या जलाशयांच्या काठच्या सखल भागातच घरे उभी राहिली. २०१७ साली जलाशय भरले, आणि पाणी जेथे साठणार होते तेथेच साठले. याला निसर्गाचा कोप म्हणायचे काय?

माझे म्हणणे एवढेच की पाऊस आकाशातून येतो, पण पुराचे निम्मे गणित जमिनीवर मांडलेले असते. ते आपण बदलू शकतो. ‘नैसर्गिक आपत्ती’ एवढे लिहून थांबलो, तर शिकण्यासारखे काहीच उरत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला, त्याचे उत्तरही आपण असेच अर्धे लिहितो.

शिक्षकबंधू-भगिनींना विनंती आहे, की पुराचा धडा शिकवताना मुलांना एकदा शाळेबाहेर न्यावे. आपल्या गावचा उतार कोणत्या दिशेला आहे, ओढा कोठून जात होता आणि आज त्या जागी काय उभे आहे, हे त्यांना शोधू द्यावे. ह्यूस्टनच्या पुराचे उरलेले अर्धे उत्तर मग ती स्वतःच लिहितील.