पहाटे पाचची मर्दुमकी

हिवाळा आला की बाइक क्लबवाल्यांच्या अंगात येतं. यंदाही आलंच. "रविवारी चांदोली. पहाटे ५ ला आष्टा सोडायचं. थंडी वाजते त्याने घरी झोपावं." असा निरोप आला आणि त्याखाली धडाधड अंगठे पडले. मी म्हटलं, साडेआठला निघू. उत्तर आलं, "कॉम्प्युटरवाल्यांना जमायचं न्हाई ते."

बरं. कॉम्प्युटरवाला आहे, तर आकडेमोड करूनच भांडतो.

माझं म्हणणं एका ओळीचं आहे. ऊस हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, आमच्या भागात धुकं विरायच्या आधी ग्रुप राइड काढू नये. एकट्याने जायचं तर ज्याचा तो मुखत्यार. पण वीस पोरं मागे लावून न्यायची असतील तर हिशेब द्यावा लागतो.

आधी थंडीचा हिशेब. पारा १० अंशांवर असताना ८० च्या वेगाने गाडी हाणली, तर उघड्या कातडीला ती हवा साधारण ४ अंशांसारखी लागते. (वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचं २००१ मधलं सूत्र आहे, कुणीही घालून बघा.) अर्ध्या तासात बोटं बधिर होतात. मग ब्रेक दाबायला लागणारा वेळ वाढतो आणि किती दाबला तेही कळत नाही. हेल्मेटची काच श्वासाने धुरकटते, म्हणून माणूस ती वर करतो. वर केली की डोळ्यांतून पाणी. अशा अवस्थेत पुढच्याच्या लाल दिव्यामागे धावायचं, याला आमच्याकडे थ्रिल म्हणतात.

आता रस्त्याचा. "पहाटे रस्ता मोकळा असतो" हे क्लबवाल्यांचं लाडकं वाक्य. पुण्यात असेल बाबा! आष्ट्याच्या आसपास साखराळे, वाळवा, कारंदवाडी, सगळीकडे कारखाने, आणि हंगामात ते रात्रंदिवस चालतात. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर. एखादा पंक्चर होऊन मागे दिवा नसताना कडेला उभा. शेतातून टायरला लागून आलेला चिखल डांबरावर पसरलेला, वर दव, वर उसाचा पाला. आणि धुकं.

६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. धोका दिसून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच संपले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २०-२५. म्हणजे पन्नासेक मीटर. डिपरचा उजेड चांगल्या हवेत साधारण तेवढाच पोचतो. धुक्यात किती, ते ज्याने त्याने ठरवावं.

आणि हे सगळं एका गाडीचं. ग्रुपचं गणित वेगळंच. वाळव्याकडे किंवा बागणी-दुधगावकडे जाणाऱ्या दुपदरी रस्त्यावर पुढे २० च्या वेगाने चाललेला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आहे असं समजा. ६० ने ओलांडायला एका गाडीला पाचेक सेकंद लागतात. समोरूनही कुणी ६० ने येत असेल तर दीडशे-पावणेदोनशे मीटर रस्ता मोकळा हवा. आता एकेका सेकंदाच्या अंतराने वीस गाड्या काढा. सगळ्या पार व्हायला २४ सेकंद. एवढ्या वेळात समोरचा ४०० मीटर पुढे येतो आणि आपणही तेवढेच जातो. म्हणजे पाऊण किलोमीटरहून जास्त रस्ता मोकळा हवा! पहिल्याला तो दिसलेला नसतो, आणि विसावा तर बघतच नाही. तो एकोणिसाव्याच्या भरवशावर बाहेर येतो. "ग्रुपमध्ये सेफ असतं" म्हणणाऱ्यांनी या विसाव्या गाडीवर एकदा बसून बघावं. तिथे बहुधा नवीन पोरगं असतं, कारण जुन्यांना पुढे राहायचं असतं.

यावर एक शहाणा म्हणाला, जर्मनीत लोक भर बर्फात बाइकवर जातात. जातात की. बव्हेरियातला 'एलेफंटेनट्रेफेन' हा हिवाळी मेळावा, त्याची परंपरा १९५६ पासूनची. पण लेका, तो मेळावा आहे. ठिकठिकाणचे लोक आपापल्या सोयीने तिथे पोचतात आणि तंबू ठोकतात. वीसजणांची शेपटी लावून पहाटे पाचला ट्रॉल्यांच्या मधून पळण्याशी त्याचा काय संबंध?

आणि कौतुकच करायचं तर आमच्या दूधवाल्याचं करा. साधी शंभर सीसीची गाडी, दोन्ही अंगांना कॅन, कानाला मफलर, स्वेटरच्या आत छातीशी कालचा पेपर. रोज पहाटे, सगळा हिवाळा. वेग पस्तीस-चाळीस. पुढे काही अंधुक दिसलं की आधी वेग कमी, मग विचार. त्याच्या जॅकेटवर बिल्ले नाहीत. त्याला साडेआठला निघता येत नाही, दूध नासेल. आपल्याला येतं. ज्याला पर्याय नाही तो जपून चालवतो आणि ज्याला आहे तो मर्दुमकी गाजवतो, हे मला कळत नाही.

ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसेल तर दोष मालकाचा आणि कारखान्याचाही, यात वाद नाही. नियमच आहे तसा. पण त्या ट्रॉलीवर गाडी आदळली की पहिला मार कुणाला बसतो? मालकाला नाही, रात्रभर जागलेल्या ड्रायव्हरला. आणि आपलं पोरगं सिव्हिलमध्ये.

तेव्हा मंडळी, साडेआठला निघा. सूर्य सातनंतर उगवतो, त्याला तासभर द्या. पाच-पाचच्या टोळ्या करा, मध्ये दोन-तीन मिनिटांचं अंतर ठेवा. ओव्हरटेक ज्याने त्याने स्वतः बघूनच करायचा. नवीन पोरगं शेवटी नको, पुढून दुसरं. चांदोली धरण काही पळून जात नाही, आणि नाष्टा दहालाही गरमच मिळतो.

आणि २६ जानेवारीला झेंडे लावून फेरी काढणारच असाल, तर आदल्या दिवशी लाल रिफ्लेक्टर टेपचे रोल घेऊन कारखान्याच्या ऊस अड्ड्यावर जा. तिथे ट्रॉल्या रांगेत उभ्याच असतात, एकेकीला मागून पट्टी मारायला पाच मिनिटं पुरतात. दूधवाल्यांचाही जीव वाचेल त्याने.

कोण कोण येणार बोला. टेपचे पैसे माझे.