औषध 'एनए', उत्तर कुणाकडे?

वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड किंवा मानोरा तालुक्यातल्या, सैन्यातून निवृत्त झालेल्या हवालदाराला हृदयाची तपासणी करायची म्हटली की अख्खा दिवस मोडतो. पहाटेची एसटी, मग अकोला. तिथे भागले नाही तर पुढे नागपूर. पिशवीत ईसीएचएसचे कार्ड, पीपीओची म्हणजे पेन्शनच्या आदेशाची झेरॉक्स, जुने रिपोर्ट. सोबत सून किंवा नातू, म्हणजे घरातली आणखी एक मजुरी बुडाली. एवढे करून पॉलिक्लिनिकच्या खिडकीतून चिठ्ठी परत येते तेव्हा एखाद-दोन औषधांपुढे 'एनए' लिहिलेले असते. साठ्यात नाही, बाहेरून घ्या, पावती जपून ठेवा, नंतर क्लेम करा. तो क्लेम कधी मिळेल, ते मात्र खिडकीतल्या माणसालाही सांगता येत नाही.

ईसीएचएस म्हणजे माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना 1 एप्रिल 2003 रोजी सुरू झाली. ती चांगली आहे, हे आधी सांगायला हवे. देशभर चारशेहून अधिक पॉलिक्लिनिक, पॅनेलवरच्या खासगी रुग्णालयांत रोख न भरता उपचार, पत्नीला आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही लाभ. सोयाबीनच्या भावावर वर्ष काढणाऱ्या वाशीमसारख्या जिल्ह्यात एका बायपासपायी वावर विकायची पाळी येते. ती या योजनेमुळे टळते. आणि ही काही खैरात नव्हे. योजनेच्या नावातच 'अंशदायी' आहे. सैनिक निवृत्त होताना आपली वर्गणी भरूनच तिचा सभासद होतो. म्हणून हिशेब मागणे हा त्याचा हक्क आहे.

या योजनेत काय दुखते, हे सरकारला ठाऊक नाही असे नाही. देशाच्या महालेखापरीक्षकांनी 2015 च्या अहवालात औषधांची टंचाई, अपुरे मनुष्यबळ, रुग्णालयांनी लावलेली जादा बिले आणि बिले चुकती होण्यातला विलंब हे सगळे नोंदवले आहे. थकबाकी वाढली की पॅनेलवरची रुग्णालये हात आखडता घेतात आणि त्याची झळ लागते ती दारात आलेल्या म्हाताऱ्या जवानाला.

त्याने दाद मागायची कुणाकडे? पॉलिक्लिनिक लष्कराच्या स्टेशन मुख्यालयाकडे बोट दाखवते, मुख्यालय प्रादेशिक केंद्राकडे, केंद्र दिल्लीकडे. बिलांची छाननी 2012 पासून वेगळ्याच कंपनीकडे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय राज्य सरकारचे, त्यामुळे 'हे आमच्या अखत्यारीत येत नाही' असे ते म्हणते आणि नियमाने ते खरेही असते. पॉलिक्लिनिकमधले डॉक्टर आणि औषधनिर्माते कंत्राटावर. साठा संपला आहे असे उघड बोलायला त्यांनी धजावे कसे?

अमेरिकेत 2014 साली फिनिक्सच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात प्रतीक्षा यादीच्या खोट्या नोंदी ठेवल्याचे उघड झाले, ते तिथल्याच एका डॉक्टरने तोंड उघडल्यामुळे. मे महिन्यात माजी सैनिक खात्याचे मंत्री एरिक शिनसेकी पायउतार झाले, ऑगस्टमध्ये नवा कायदा आला. आज तिथे कोणत्या रुग्णालयात भेट मिळायला किती दिवस लागतात, हे घरबसल्या कुणालाही पाहता येते.

आपल्याला तर नव्या कायद्याचीही गरज नाही. माहिती अधिकार कायदा 2005 चा आहे. कुणी अर्ज करण्याची वाट न पाहता कार्यालयाने आपण होऊन माहिती जाहीर करावी, असे त्याचे कलम 4 सांगते. महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांना 2021 च्या नियमांनी दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. मग जवानाच्या दवाखान्यालाच सूट का? आज कोणती औषधे नाहीत आणि ती कधी येणार, कोणत्या डॉक्टरची जागा किती दिवस रिकामी आहे, सर्वांत जुना क्लेम किती महिने अडकला आहे, तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव काय: एवढे एका फळ्यावर मराठीत लिहा. पॅनेलवरच्या रुग्णालयाने रुग्णाच्या नावे किती रकमेचे बिल लावले, तेही त्याला कागदावर मिळाले पाहिजे. जादा बिल सगळ्यांत आधी ओळखेल तो ज्याच्यावर उपचार झाले तोच.

फळ्यासोबत जनसुनवाईही हवी. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 2007 पासून सरकारी आरोग्य सेवेवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध का मिळाले नाही, हे गावच्या बाईने भर सभेत विचारायचे आणि अधिकाऱ्याने तिथेच उत्तर द्यायचे. मेळघाटातल्या बाईला जे विचारता आले, ते शिस्तीत आयुष्य काढलेल्या सुभेदाराला का विचारता येऊ नये?

जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. केंद्राच्या योजनेवर त्यांचा हुकूम चालत नाही, पण बैठक बोलावण्यापासून त्यांना कोणी अडवलेले नाही. दर 7 डिसेंबरला ध्वजदिन निधीचे उद्दिष्ट आणि जमा रक्कम व्यासपीठावरून वाचली जाते. येत्या 7 डिसेंबरला वाशीममध्ये त्याच व्यासपीठावर प्रादेशिक केंद्राचा प्रतिनिधी बसवावा, जिल्ह्यातल्या माजी सैनिकांचे आणि वीरपत्नींचे अडकलेले क्लेम मोठ्याने वाचावेत आणि प्रत्येकापुढे निकालाची तारीख लिहून घ्यावी.