याओदोंग: ऊब देणारी माती, गाडणारी माती

१/७
उत्तर चीनच्या लोएस पठारावर लोक शतकानुशतके मातीच्या कड्यांत कोरलेल्या घरांत राहत आले आहेत. या घरांना ‘याओदोंग’ म्हणतात. पूर्वजांच्या पर्यावरणस्नेही शहाणपणाचा दाखला म्हणून त्यांची छायाचित्रे हल्ली वारंवार फिरतात. माझ्या मते हे कौतुक अपुरे आहे.

२/७
लोएस म्हणजे वाऱ्याने वाहून आणलेली बारीक, पिवळसर माती. तिचे थर कित्येक ठिकाणी शंभर मीटरहून जाड आहेत. ती साध्या कुदळीने खणता येते, तरीही तिचा कडा उभा राहतो. लाकूड दुर्मीळ आणि हिवाळा गोठवणारा, अशा प्रदेशात घर बांधण्यापेक्षा कोरणे परवडत असे.

३/७
ऊब टिकते कशी? जमीन सावकाश तापते, सावकाश निवते. काही मीटर खोलीवर तापमानात वर्षभर फारसा चढउतार होत नाही. म्हणून बाहेर पाणी गोठत असताना भिंतीमागची माती त्या मानाने उबदार असते. उन्हाळ्यात तीच गार लागते.

४/७
परंतु माती ऊब निर्माण करत नाही, केवळ जपते. उरलेले काम ‘कांग’ करतो. कांग म्हणजे निजण्याचा पोकळ ओटा. चुलीचा धूर त्याच्या पोटातून फिरून मग बाहेर पडतो. एकाच जळणावर अन्न शिजते आणि अंथरूणही तापते.

५/७
आता दुसरी बाजू. २३ जानेवारी १५५६ रोजी वेई नदीच्या खोऱ्यात भूकंप झाला. चिनी नोंदींनुसार सुमारे ८,३०,००० माणसे मेली. त्यांतील असंख्य याओदोंगमध्ये गाडली गेली. १६ डिसेंबर १९२० रोजी हाययुआन येथे पुन्हा भूकंप झाला, लोएसचे कडे कोसळले आणि दोन लाखांहून अधिक बळी गेले. दोन्ही वेळा ऐन हिवाळा होता.

६/७
हा निव्वळ दुर्दैवाचा योगायोग नव्हे. सच्छिद्र आणि सैल बांधणीची म्हणूनच ही माती सहज कोरता येते, आणि म्हणूनच मोठ्या हादऱ्यात ती ढासळते. सोय आणि संकट यांचे मूळ एकच आहे.

७/७
मग तेथील लोक अडाणी होते काय? मुळीच नाही. थंडी दरवर्षी येते, महाभूकंप कित्येक पिढ्यांतून एकदा. जळण मोजून वापरणाऱ्या कुटुंबाने दरवर्षीच्या संकटावर आधी उपाय शोधला. त्यांना ऋषी ठरवणे हाही त्यांच्यावर अन्यायच आहे, कारण त्यात त्यांची निकड पुसली जाते. याओदोंगचे छायाचित्र अवश्य मिरवावे, फक्त त्याखाली १५५६ हे सालही लिहावे.