मुखशुद्धी की मुखनाश?

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एका शस्त्रक्रियेचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी हा मराठी माणूस १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ त्याने नाकाविना काढला. अखेर पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसविले. मेणाच्या पातळ पत्र्यावरून कपाळावर आखणी करावयाची, तेवढी त्वचा सोडवावयाची, मात्र भुवयांमधला अरुंद पट्टा शाबूत ठेवून ती खाली वळवावयाची, अशी ही रीत. त्या पट्ट्यातून रक्त मिळत राही, म्हणून नाक जगे. सांधा धरून ठेवण्यासाठी पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून त्यावर बसवीत. या रीतीने प्रेरित होऊन १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये अशी शस्त्रक्रिया केली.

या वारशाचा अभिमान रास्तच आहे. सुश्रुतसंहितेत तुटलेली कर्णपाळी, नाक व ओठ सांधण्याचे विधी आहेत आणि सात स्थानी होणारे पासष्ट मुखरोग वर्णिले आहेत. परंतु सुश्रुताचे नाव व्यासपीठावरून घेणाऱ्या समाजाच्या मुखाची आजची अवस्था काय आहे? ज्या काताने एके काळी कावसजीचे नाक सांधले, तोच कात आज सुपारी आणि तंबाखूसह गुटख्याच्या पुडीत भरला जातो. भारतीय पुरुषांत मुखाचा कर्करोग सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे.

महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. तथापि मध्यमवर्गीय घरातील सुपारीच्या डबीचे काय? ‘तंबाखू नाही ना, मग काय बिघडते?’ असे म्हणून ती लहान मुलांच्या हातावरही ठेवली जाते. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरविले आहे. सुपारीमुळे गालाच्या आतील मऊ आवरण ताठ होते, तिखट झोंबू लागते, तोंड हळूहळू उघडेनासे होते. हा ताठरपणा पूर्ववत होत नाही आणि काहींत पुढे कर्करोगाचे रूप घेतो. सुपारीला देव्हाऱ्यात गणपतीचे स्थान आहे; ते तिथेच राहू द्यावे. तिला मुखशुद्धी म्हणणे ही आत्मवंचना होय.

कर्करोग वाढल्यावर शल्यविशारदांना गाल वा जबड्याचा भाग काढावा लागतो आणि छातीवरील वा पायावरील जिवंत ऊतक आणून ती पोकळी भरावी लागते. तत्त्व पुण्याच्या कारागिराचेच आहे. फरक एवढाच, की कावसजीचे नाक शत्रूने कापले होते. आज हा घात माणूस आपल्याच हाताने करून घेतो.

उपचारातील हेळसांडही तशीच. तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, तीन बोटे आत न जाण्याइतके आखडलेले तोंड, ही तत्काळ तपासणीची लक्षणे आहेत. अपघातात ओठ वा गाल फाटला, तर त्यात हळद, चुना वा तंबाखू भरू नये. स्वच्छ कापडाने दाबून रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावे. गालाच्या खोल जखमेत चेहरा हलविणारी नस आणि लाळेची नलिकाही तुटलेली असू शकते. चेहऱ्याला रक्तपुरवठा विपुल असल्याने वेळेवर, नीट सांधलेली जखम उत्तम भरते.

वारसा केवळ मिरविण्यासाठी नसतो. सुश्रुताचा खरा सन्मान करावयाचा असेल, तर प्रत्येक कार्यकर्त्याने आणि प्रत्येक गृहिणीने प्रारंभ स्वतःच्या घरातील त्या डबीपासूनच करावा.