बरोबरीचा एक गुण : हसावं की रडावं?

आपला संघ जिंकला की आपण नाचतो. हरला की दोन दिवस तोंड पाडून बसतो. पण फुटबॉलचा सामना बरोबरीत सुटला तर? तेव्हा चाहत्याला नेमकं काय वाटतं ते त्याचं त्यालाच सांगता येत नाही. माझं मत विचाराल तर असं गोंधळणं अगदी योग्य आहे.

दोन सामने आठवा. १० सप्टेंबर २०१९, दोहा. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारतासमोर होता आशियाचा विजेता कतार, तोही त्याच्याच घरी. आजारपणामुळे सुनील छेत्री खेळत नव्हता. गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू भिंतीसारखा उभा राहिला आणि सामना ०-० असा सुटला. चाहत्यांना विश्वचषकच जिंकल्यासारखं वाटलं!

पुढच्याच महिन्यात, १५ ऑक्टोबरला, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम तुडुंब भरलं होतं. समोर बांगलादेश, जागतिक क्रमवारीत १८७ वा. भारत १०४ वा. सगळ्यांनी विजय गृहीतच धरला होता. पण ४२ व्या मिनिटाला बांगलादेशनं गोल केला. शेवटी ८८ व्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नरवर आदिल खाननं डोक्यानं चेंडू जाळ्यात धाडला. दोघंही आपल्या शेजारच्या गोव्याचे. निकाल १-१. हार टळली म्हणून सुटकेचा श्वास, आणि हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणून हळहळ. दोन्ही एकदमच.

दोन्हीकडे मिळाला एकच गुण. मग एक गोड आणि एक कडू का? कारण आपण गुण मोजत नाही, अपेक्षा आणि गुण यांतलं अंतर मोजतो.

गणितही बघा. पूर्वी विजयाला दोन गुण मिळायचे, म्हणजे बरोबरी हा अर्धा विजय होता. इंग्लंडनं १९८१ मध्ये विजयाला तीन गुण दिले, १९९४ पासून विश्वचषकातही तोच नियम आला. आता दोन बरोबऱ्यांचे गुण दोन, तर एक विजय आणि एक पराभव यांचे तीन. म्हणून बरोबरी अधिकच टोचते.

तरीही तिला टाकाऊ म्हणू नका. त्या फेरीत भारताचे आठ सामन्यांत सात गुण झाले, त्यातले चार बरोबरीचे. भारत गटात तिसरा आला. चौथ्या अफगाणिस्तानचे गुण सहा. म्हणजे कोलकात्याचा तो नकोसा गुण नसता, तर दोघांचे गुण सारखेच झाले असते.

आता आपल्या घराकडे वळू या. एका मुलाला साठ गुण मिळाले की पेढे वाटतात, दुसऱ्याला तेवढेच मिळाले की घरात सुतक. मूल कुठून निघालं, समोरचा पेपर कसा होता, हे कोणी विचारतं का? मुलं मैदानावरून घरी आली की आपला पहिला प्रश्न ठरलेला, "जिंकलास की हरलास?" ज्यानं बरोबरी साधली, त्या पोरानं काय उत्तर द्यायचं?

त्यापेक्षा "कसा खेळलास रे?" असं विचारून बघा. हळहळ वाटू द्या, आनंदही होऊ द्या. मात्र ज्यांनी शेवटच्या मिनिटापर्यंत धाव सोडली नाही, त्यांना शिव्या देऊ नका. मग तो संघ असो, नाहीतर आपलं लेकरू.

तुम्हाला काय वाटतं? नक्की कळवा.