बोलण्यात एक, ताटात एक

'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी कोकणातून मॉरिशसला येताना इतर सामानाबरोबर गाठोड्यात बांधून आणली असावी. आजही ती आपल्या घराघरांत ऐकू येते आणि तिचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. माणूस बोलतो एक व खातो दुसरे, ही गोष्ट जुनीच आहे. परंतु अलीकडे तरुण पिढीत एका नव्या व्रताचा प्रसार होत आहे आणि त्यामुळे या जुन्या गोष्टीची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. त्या व्रताचे नाव 'व्हेगन'. त्याविषयी लिहावे असे वाटण्यास न्यूझीलंडमधील एक साधा प्रसंग कारण झाला.

2025 सालच्या डिसेंबरात, शाळेच्या सुट्टीत, मी माझ्या मावसबहिणीकडे गेले होते. ऑकलंड शहरातील सँडरिंगहॅम या उपनगरात तिचे घर आहे. ईडन पार्क या प्रसिद्ध मैदानापासून सँडरिंगहॅम रोडने दक्षिणेकडे चालत गेले की भारतीय वाणसामानाची, मिठाईची, डोशाची व बिर्याणीची दुकाने लागतात. कढीपत्त्यापासून पोह्यांपर्यंत सर्व काही मिळते. गंमत म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाला त्या देशात 'डेअरी' म्हणतात. दुधाचा देश तो. दुकानाचे नावही दुधावरूनच पडले.

एका रविवारी ओळखीच्या मराठी कुटुंबात सत्यनारायणाची पूजा होती. बहिणीचा मुलगा आमच्याबरोबर आला. बावीस वर्षांचा, विद्यापीठात शिकणारा मुलगा. दोन वर्षांपासून तो स्वतःला व्हेगन म्हणवतो आणि घरी चहात ओटचे दूध घालतो. पूजा झाल्यावर प्रसाद वाटला. साजूक तुपातला शिरा आणि पळीभर पंचामृत. मुलाने द्रोण हातात घेतला, क्षणभर थांबला आणि मुकाट्याने खाल्ला. ते पाहून एक वयस्क गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "काय रे, हे तूप कोणत्या झाडाला लागतं?" सगळे हसले. मीही हसले. मुलाचा चेहरा उतरला.

परतताना तो मला म्हणाला, "मावशी, प्रसाद नाही म्हटलं असतं तर मी उद्धट. घेतला तर ढोंगी. मी करायला काय हवं होतं?" मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करते.

व्रताचा अर्थ

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. 1944 साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा शब्द प्रचारात आणला. इंग्रजीत शाकाहारी माणसासाठी असलेल्या 'व्हेजिटेरियन' या शब्दाची आरंभीची व शेवटची अक्षरे जोडून तो तयार केला. मांस, मासे व अंडी तर नाहीतच, पण दूध, दही, तूप, लोणी आणि मध हेही नाहीत, असा हा आहार. आपल्या दृष्टीने दूध-तूप हे सात्त्विक अन्नाचे शिखर, तर त्यांच्या दृष्टीने तेही प्राण्याकडून घेतलेले. भारत सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही हा भेद मान्य केला आहे. दुधाच्या पदार्थांवर शाकाहाराचा हिरवा ठिपका चालतो, पण व्हेगन अन्नासाठी 2022 साली वेगळे नियम व वेगळे चिन्ह झाले.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वॉटसन यांनी स्थापन केलेल्या संस्थेच्या आजच्या व्याख्येत 'शक्य व व्यवहार्य असेल तितके' अशी मुभा आहे. म्हणजे व्रत कडक असले तरी माणसाच्या अडचणीला त्यात जागा ठेवली आहे.

ढोंग कोणाचे?

ज्या गृहस्थांनी थट्टा केली, त्यांनीच जेवताना मला अभिमानाने सांगितले, "आम्ही पूर्ण शाकाहारी बरं का. घरात काही चालत नाही. बाहेर मात्र कधी कधी चिकन होतं." त्यावर कोणी हसले नाही. एका द्रोणातल्या तुपासाठी मुलगा ढोंगी ठरला आणि बाहेरच्या चिकनसाठी काका मात्र व्यवहारी ठरले.

हे एकट्या काकांचे नाही. अमेरिकेत 1994 ते 1998 या काळातील सरकारी आहार-पाहणीत 334 जणांनी स्वतःला शाकाहारी म्हटले होते. त्यांनी दोन दिवसांत काय खाल्ले याची नोंद तपासली, तेव्हा 214 जणांच्या ताटात मांस, कोंबडी किंवा मासे निघाले. भारतात प्यू या संशोधन संस्थेने 2021 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 39 टक्के प्रौढांनी स्वतःला शाकाहारी म्हणवले. त्याच सुमारास, 2019 ते 2021 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 29 टक्के आणि पुरुषांपैकी अवघे 17 टक्के मासे, कोंबडी, मांस कधीच खात नाहीत असे आढळले. दोन्ही पाहण्यांची रीत वेगळी असली, तरी एवढे अंतर विचार करायला लावते. नटराजन व जेकब या अभ्यासकांनी 2018 साली असे मांडले की भारतात खरे शाकाहारी साधारण 20 टक्केच असावेत. समाजात शाकाहाराला मान आहे म्हणून लोक मांसाहार कमी सांगतात.

स्त्री-पुरुषांतील ही तफावतही पाहण्याजोगी आहे. घरातले व्रत बायकांनी सांभाळायचे आणि ते मोडायला पुरुषांनी बाहेर जायचे, हा प्रकार आपल्याला अपरिचित नाही. काही वर्षांपूर्वी गणेश चतुर्थीच्या आधी मी वर्गात मुलांना विचारले, "घरी काय काय तयारी चालली आहे?" तिसरीतला एक मुलगा उठून म्हणाला, "मिस, आमच्याकडे करेम आहे. पापा मात्र बाहेर खातात." वर्ग शांतच राहिला. मुलांना त्यात विशेष काही वाटले नाही आणि मला त्याचीच काळजी वाटली. नियम असतो तो सांगण्यासाठी, हे ती मुले आठव्या वर्षीच शिकली होती.

आणि मी तरी कोण? एका श्रावणात करेम चालू असताना एका मैत्रिणीच्या घरी मी माशाचे विंदाय खाल्ले आणि घरी येऊन 'काही खाल्ले नाही' असे सांगितले. मासा पचला, ते बोलणे मात्र अजून आठवते.

शब्दाला किंमत असते

कोणी म्हणेल, "कोण काय खातो याची पंचाईत कशाला?" खरे आहे. पण आपण जे नाव लावतो त्यावर दुसरा माणूस विश्वास ठेवतो. सँडरिंगहॅममधील एका दुकानात मी बर्फीकडे बोट दाखवून विचारले, "यात दूध-तूप आहे का? व्हेगन आहे?" विक्रेता उत्साहाने म्हणाला, "हो हो, व्हेगन! शुद्ध तुपातली!" त्याच्या मनात 'व्हेज' आणि 'व्हेगन' एकच होते. मला हसू आले. पण दुधाने ज्याच्या जिवावर बेतते अशा माणसाला हसू येणार नाही. इंग्लंडमधील बाथ शहरात 2017 साली दुधाची तीव्र ॲलर्जी असलेल्या एका स्त्रीने व्हेगन म्हणून विकलेला पदार्थ खाल्ला. त्यात दुधातील प्रथिन मिसळले गेले होते. ती दगावली. 2022 साली झालेल्या चौकशीत हेच कारण पुढे आले.

उलट बाजूही आहे. 2019 साली न्यूझीलंडमधील एका पिझ्झा कंपनीने ग्राहकांना न सांगता वनस्पतीपासून केलेले 'मांस' पिझ्झ्यावर घातले. बऱ्याच जणांना फरक कळला नाही, तरीही गोष्ट उघड झाल्यावर काही ग्राहक रागावले. आपल्याला सांगितले नाही, हा त्यांचा राग होता.

दुधाचा प्रश्न

आता त्या मुलाच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. दूध का सोडायचे? आपण त्याची थट्टा करतो, कारण हा प्रश्न आपल्याला अडचणीचा आहे.

न्यूझीलंडमध्ये सुमारे 47 लाख दुभत्या गाई आहेत. गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही. काही कालवडी पुढे दुधासाठी वाढवतात. गोऱ्हे व जास्तीच्या कालवडी यांतील काही मांसासाठी पोसतात आणि उरलेली वासरे अगदी कोवळी असतानाच कत्तलखान्यात जातात. अशा वासरांची संख्या गेल्या काही वर्षांत दर वर्षी पंधरा ते वीस लाखांच्या घरात राहिली आहे. वासरू किमान चार दिवसांचे झाल्याशिवाय त्याला गाडीत घालता येत नाही, असा तेथे कायदा आहे. फॉन्टेरा या शेतकऱ्यांच्या सहकारी कंपनीने 1 जून 2023 पासून, दुसरा मार्ग असेल तर वासरू शेतावरच मारून टाकू नये, असा नियम केला. पण यामुळे बहुतेक वासरांचा शेवट टळला असे नाही.

आणि हे घडते केव्हा? तेथील गाई प्रामुख्याने जुलै ते ऑक्टोबर या काळात वितात. म्हणजे आपल्या श्रावण-भाद्रपदात. आपण करेम धरून मांस वर्ज्य करतो, गणपतीपुढे दुधाची खीर ठेवतो, त्याच आठवड्यांत ही वासरे जात असतात. आपल्या बेटावर दूध म्हणजे बहुधा डब्यातली आयात पूड. आपल्या दुकानांत दिसणारा 'अँकर' हा छाप 1886 साली न्यूझीलंडच्या वायकाटो भागातच सुरू झाला. तेव्हा सँडरिंगहॅमचा प्रश्न आपल्या चहाच्या पेल्यापर्यंत येतो.

मोठ्या सरकारांचे वागणेही असेच आहे. 2025 साली अमेरिकेशी व्यापाराच्या वाटाघाटी चालू असताना 'मांसाहारी दूध' हा शब्द भारतात फार गाजला. आयात दूध देणाऱ्या गाईला मांस किंवा रक्त यांचा खुराक दिलेला नसावा, असा दाखला भारत मागतो. मी सँडरिंगहॅममध्ये असतानाच, 22 डिसेंबर 2025 रोजी, भारत व न्यूझीलंड यांच्यातील व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा झाली. दूध, दही, चीज हे मुख्य पदार्थ भारताने सवलतीबाहेर ठेवले. न्यूझीलंडचे परराष्ट्रमंत्री विन्स्टन पीटर्स यांच्या पक्षाने त्यावरून करारावर टीका केली. भारताला आपल्या लहान दूध उत्पादकांचे रक्षण करायचे होते, आणि ते रास्तच आहे. परंतु गाईने काय खाल्ले हे विचारणारे, तिचे वासरू कोठे गेले हे विचारत नाहीत. तो प्रश्न बावीस वर्षांचा एक मुलगा विचारतो, आणि शिऱ्याच्या एका घासावरून आपण त्याला गप्प करतो.

मग करावे काय?

सर्वांनी व्हेगन व्हावे असे माझे म्हणणे नाही. मी स्वतः दूध सोडलेले नाही. तसे पाहिले तर आपल्या कोकणी स्वयंपाकात या व्रताला सोयीचे पदार्थ पुष्कळ आहेत. नारळाच्या दुधाची सोलकढी, काळ्या वाटाण्यांची उसळ, फणसाची भाजी, वर तूप न घातलेला उकडीचा मोदक. आपली तेलावर भाजलेली डालपुरी तर कोणतेही नाव न घेता हे व्रत पाळत आली आहे. पण कोणी काय सोडावे हा ज्याचा त्याचा विचार.

माझे म्हणणे एवढेच की जेवढे पाळतो तेवढेच बोलावे. 'आम्ही शाकाहारी' असे सांगण्याऐवजी 'आम्ही घरात मांस शिजवत नाही, बाहेर खातो' असे सांगितल्याने कोणाची प्रतिष्ठा जात नाही. 'महिनाभर करेम' म्हणण्याऐवजी 'सोमवारी व चतुर्थीला पाळतो' म्हणावे आणि ते नीट पाळावे. खोट्या पूर्ण व्रतापेक्षा खरे अर्धे व्रत बरे. आणि यजमानांनीही पाहुण्याला आधी विचारावे. शिऱ्याशेजारी खोबरे-गुळाची एक वाटी ठेवली तर प्रसादाचे पावित्र्य कमी होत नाही, आणि कोणा मुलाला उद्धटपणा व ढोंग यांतून एक निवडावे लागत नाही.

माझ्या भाच्याला माझे उत्तर असे : बाळा, तू प्रसाद घेतलास यात ढोंग नव्हते. ढोंग झाले असते ते 'मी दुधाला शिवत नाही' असे नंतर सांगितले असतेस तर. यापुढे 'मी दूध-तूप घेत नाही, प्रसाद मात्र घेतो' असे म्हण, किंवा हात जोडून 'मला फक्त केळे द्या' असे म्हण. दोन्हींत लाज नाही. आणि त्या दिवशी मीही हसले, त्याबद्दल मला क्षमा कर.

पुढच्या चतुर्थीपूर्वी मी वर्गात तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहे. मुले काय उत्तर देतील हे आपल्या घरांतल्या ताटांवर अवलंबून आहे.